हातावरचे चौकोन

सरांनी पहिल्या भेटीत माझ्या तोंडाकडं बघितलंच नाही. संशोधनाचा अर्ज घेऊन मी त्यांच्या टेबलासमोर उभी होते, फाइल पुढं धरली होती, आणि ते फाइल सोडून माझ्या बोटांकडं बघत होते. पेरांवर भेगा पडल्या होत्या. मी हात मागं घ्यायला गेले तर म्हणाले, "राहू दे तसाच." मग विचारलं, "भांडी कशानं घासतेस?"

"पावडरीनं."

"बदल. आन् ती अंगठी काढून ठेव म्हैनाभर. तिच्याखाली पावडर साठतीय." एवढं बोलून त्यांनी फाइल न उघडता सही केली. "सोमवारी ये. येताना हाताला कायबी लावून येऊ नको. क्रीम न्हाय, पावडर न्हाय. अत्तर तर न्हायच न्हाय."

कोल्हापुरातल्या एका फार्मसी कॉलेजात ते औषधी वनस्पती शिकवायचे. मुलं त्यांना पाठीमागं 'चौकोन सर' म्हणायची. त्यांच्या डाव्या हातावर मनगटापासून कोपरापर्यंत बॉलपेननं काढलेले चौकोन असायचे, पोस्टाच्या तिकिटाएवढे. प्रत्येक चौकोनात एक अक्षर आणि वेळ. 'नि ९.२०' म्हणजे निरगुडीचा अर्क, सकाळी नऊ वीसला लावलेला. 'ह' म्हणजे हळद. डाव्या हातावरची जागा संपली की पेन डाव्या हातात घेऊन उजव्यावर काढायचे, त्यामुळं तिकडचे चौकोन वाकडे. परीक्षेला बाहेरून आलेल्या पथकानं एकदा कॉपीच्या संशयानं मुलांच्या आधी पर्यवेक्षक म्हणून उभ्या असलेल्या सरांचेच हात तपासले होते, आणि सरांनी त्यांना अर्धा तास निरगुडी समजावून सांगितली होती.

लोक औषध पोटात घेताना घाबरतात आणि कातडीला मात्र वाट्टेल ते फासतात, याचा त्यांना मनापासून राग होता. "कातडं म्हंजे भिंत न्हवं, चाळण हाय," हे वाक्य ते वर्गात, कॅन्टीनमध्ये, लिफ्टमध्ये, कुठंही म्हणायचे. कुणी हस्तांदोलनाला हात पुढं केला तर आधी विचारायचे, "काय लावलंय?" काकू, म्हणजे त्यांची बायको, सांगायच्या की स्वतःच्या लग्नातही यांनी हळद लावून घ्यायच्या आधी चिमूटभर मनगटावर चोळून बघितली होती आणि मांडवात जाहीर केलं होतं, "ह्यात रंग मिसळलाय." सासऱ्यांनी दुसरी हळद दळून आणेपर्यंत पाहुणे बसून होते.

पण त्यांना जुन्या औषधांचा तिटकारा होता असं कुणी समजू नये. उलटंच होतं. आजऱ्याकडच्या डोंगरातल्या त्यांच्या गावी त्यांची आजी पाला-मुळ्यांची औषधं द्यायची, आणि तिच्याइतका मान त्यांनी कुठल्या प्राध्यापकाला दिलेला मी बघितला नाही. "आज्जी सांगायची ते समदं करायचं," म्हणायचे. "अर्धं करायचं न्हाय. तिनं तीनदा उकळ म्हटलं तर तीनदा उकळायचं. दोनदा उकळून तिचं नाव घ्यायचं न्हाय."

माझा विषय होता, सांधेदुखीवर लावायच्या वनस्पतींमधला कुठला घटक कातडीतून आत जातो आणि किती जातो. हळदीतला पिवळा घटक बहुतेक वरच बसतो, निरगुडीतलं काही थोडं आत उतरतं, असं एकेक. त्यासाठी काचेचं एक दुमजली भांडं असतं. वरच्या मजल्यात औषध, खालच्यात अंगाइतकं कोमट खारं पाणी, आणि मध्ये कातडीचा तुकडा. तासातासाला खालचं पाणी काढून यंत्रात घालायचं आणि त्यात काय उतरलंय ते बघायचं. अडचण होती ती मधल्या कातडीची. सगळे बकऱ्याची किंवा डुकराची कातडी वापरतात. आम्ही जयसिंगपूरचे जैन. आमच्याकडं चातुर्मासात कांदाही घरात येत नाही. मी सरांना सांगितलं नाही. खाटकाकडं जायचं ठरलं त्या सकाळी नुसती प्रयोगशाळेत येऊन बसले. तोंड बघून त्यांना कळलं असावं. तिसऱ्या दिवशी त्यांनी टेबलावर वर्तमानपत्राची पुडी ठेवली. आत सापाची कात होती.

"कुणाला मारलं न्हाय," ते म्हणाले. "धामणीनं आपली आपण टाकलीय. परदेशात हीच वापरत्यात, मी वाचलंय. चालंल तुमच्यात?"

माझ्या डोळ्यांत पाणी आलं. ते बघून ते घाईघाईनं म्हणाले, "आईला सांगू नको मात्र. साप म्हटलं की घाबरतील."

मग सरांनी सगळीकडं निरोप धाडले. आजऱ्याच्या गाडीचा कंडक्टर डब्यात कात घेऊन यायचा. "सर, गोठ्यामागं गावली बगा, आक्खी हाय!" सर ती कोमट पाण्यात भिजवून उजेडाकडं धरायचे, फाटकी जागा शोधायचे आणि कंडक्टरला विचारायचे, "तोंडाकडची बाजू कुठली रं?" आमची प्रयोगशाळा त्या कातांनी भरली आणि माझं काम चालू झालं.

पहिलं दीड वर्ष सुखाचं गेलं. मग अण्णा आले.

अण्णांचा सांधेदुखीच्या तेलाचा कारखाना होता. त्यांच्या वडिलांनी घरात कढई ठेवून सुरू केलेलं ते तेल आमच्या भागात घरोघरी असायचं. माझी आई गुडघ्यांना तेच लावायची; त्या वासातच मी लहानाची मोठी झाले होते. अण्णा आमच्या कॉलेजच्या व्यवस्थापनावरही होते. माणूस गोड. येताना भडंगाची पाकिटं घेऊन आले, प्रयोगशाळेतल्या सगळ्यांना वाटली, आणि सरांच्या टेबलावर नव्या बाटल्या ठेवल्या. तेच तेल, पण नवीन, 'डबल पॉवर'.

"लोकं म्हणत्यात, अण्णा, तेल वरच राहतंय," ते म्हणाले. "म्हणून ह्यात जरा सुधारणा केलीय. धा मिनिटात आत जिरतंय. तेवढं तुमच्या यंत्रावर बघून लिहून द्या सर. पुढच्या रविवारी शिबिर हाय आपलं. ज्येष्ठ नागरिकांचं. मालीश आन् वर गरम पाण्याचा शेक, समदं मोफत."

"द्यू की," सर म्हणाले. बाटलीचं टोपण काढून त्यांनी वास घेतला आणि लेबल वाचलं. वाचता वाचता त्यांचं बोट एका शब्दावर थांबलं. "बचनाग हाय ह्यात."

"वडलांपासूनच हाय. शुद्ध केलेला."

बचनाग हे विषारी मूळ. जुन्या पद्धतीत ते गोमूत्रात दिवसचे दिवस भिजवतात, दुधात उकळतात, आणि त्यानं त्याचं विष बरंचसं मरतं. मग वेदना कमी करायला ते वरून लावतात. न मेलेलं विष पोटात गेलं तर हृदयाचा ठेका बिघडवतं. कातडीतून आत गेलं तरीही तेच करतं. फक्त सहसा कातडी ते अडवून धरते.

मी सोमवारी प्रयोग लावला. पहिल्या तासाचं पाणी यंत्रात घातलं आणि पडद्यावरच्या आलेखात बचनागाच्या विषाच्या जागी सुळका उभा राहिला. मला वाटलं, माझंच चुकलं, भांड्यात कात फाटली असेल. दुसरी कात लावली. पुन्हा तोच सुळका, दुसऱ्या तासाला आणखी उंच. सर स्टूल घेऊन माझ्याशेजारी बसले. मंगळवारी त्यांनी स्वतःच्या हातानं सगळं पुन्हा केलं. आईच्या कपाटातली जुनी बाटली मी घरून मागवली होती. तीही शेजारच्या भांड्यात लावली. जुन्या तेलातून जवळजवळ काहीच उतरलं नाही. नव्यातून कितीतरी पट.

त्या आठवड्यात सरांच्या हातावर एकही नवा चौकोन नव्हता. ते मला खटकलं होतं, पण मी विचारलं नाही.

बुधवारी सरांनी अण्णांना फोन लावला आणि स्पीकरवर टाकला.

"अण्णा, बचनाग किती दिवस भिजवताय?"

"आता तसं भिजवत बसायला सवड कुठाय सर? मागणी केवढी वाढलीय. नव्या मशीनवर एका दिवसात हुतंय."

"दूध?"

पलीकडं अण्णा नुसते खाकरले. सर म्हणाले, "आन् आत जिरायला काय घातलंय? स्पिरिट, पेपरमिंट आन् कापूर. व्हय की न्हाय? म्हंजे विष अर्धं मारलंय आन् दार सताड उघडलंय. त्यावर तुम्ही शेक देणार. गरम कातडं आणखी सैल पडतंय, ठावं हाय न्हवं? शिबिर थांबवा."

"सर," अण्णांचा आवाज गोडच होता, "तुम्ही माप घेतलंय सापाच्या कातेवर. आमची गिऱ्हाइकं माणसं हायत."

प्राचार्यांनीही तेच म्हटलं. आणि खरं सांगायचं तर शास्त्राच्या दृष्टीनं ते अगदी चूक नव्हतं. कातेवरून माणसाचा अंदाज बांधता येतो, खात्री देता येत नाही. सरांनी संबंधित सरकारी कार्यालयात लेखी तक्रार दिली, तिथल्या साहेबांनी ती नीट वाचून घेतली, नमुना आणून तपासतो म्हणाले. पण तपासणी व्हायला दिवस लागणार होते आणि रविवार चार दिवसांवर होता.

त्या संध्याकाळी मी आईला फोन केला.

"आई, नवीन तेल लावू नकोस."

"अगं, अण्णांचंच हाय की. नमुन्याची बाटली देऊन गेलीत पोरं. आन् रविवारी शिबिराला नाव दिलंय मी. आपल्या गल्लीतल्या सगळ्याजणी निघाल्याती."

"आई, बाटली कपाटात ठेव. कुणाला लावू देऊ नकोस."

"का ते तरी सांगशील?"

मी सांगितलं. ती म्हणाली, "मी न्हाय लावणार. पण बाकीच्यांना मी कशी आडवू? अण्णांपेक्षा तुझं कोण ऐकणार हितं?"

सकाळी सरांना मी हे जसंच्या तसं सांगितलं. आज वाटतं, सांगायला नको होतं. ते म्हणाले, "खरं हाय तुझ्या आईचं."

शुक्रवारी अकरा वाजता प्राचार्यांच्या केबिनमध्ये बैठक होती. सर मला म्हणाले, "वही घे. सेकंदकाटा असलेलं घड्याळ घाल हातात." मला वाटलं, आकडे विचारतील म्हणून वही. घड्याळाचं मला काही कळलं नाही.

केबिनमध्ये प्राचार्य, अण्णा, सर आणि मी. सर आले ते शाल पांघरून, आणि खुर्चीत बसल्यावर शाल मांडीवर पसरून घेतली. खाली काहीतरी फुगीर होतं. खोलीत पेपरमिंटचा वास भरला. अण्णा हसले. "आमच्या तेलाचाच वास हाय हा. सरांनीबी वापरायला सुरुवात केली जणू!"

"केलीय," सर म्हणाले. "सव्वाधाला. दोन्ही गुडघे आन् कंबर. लेबलावर लिहिलंय तेवढंच, तसंच. आठवडाभर अंगाला दुसरं कायबी लावलेलं न्हाय. वर गरम पाण्याची पिशवी. तुमच्या शिबिरात देणार तसा शेक." त्यांनी शाल बाजूला केली. गुडघ्यांवर लाल रबरी पिशवी होती आणि पँटवर तेलाचे डाग उतरले होते. "चाला, बैठक सुरू करू. बाळ, माझी नाडी धर. दर पाच मिनिटाला आकडा लिही."

प्राचार्य अर्धवट उठले. "हे काय चालवलंय तुम्ही?"

"माणसाचं कातडं पायजे हुतं न्हवं?" सर म्हणाले. "हे माणसाचंच हाय."

मी त्यांच्याजवळ खुर्ची ओढून मनगट धरलं. पहिल्यांदा ठोका सापडेना. मग सापडला. नीट चालला होता. मी आकडा लिहिला. अण्णा म्हणाले, "सर, नाटकं बंद करा." पण खुर्ची सोडून कुणी गेलं नाही.

सर सगळे प्रयोग सांगायला लागले, शांतपणे, वर्गात सांगायचे तसं. कुठली कात, कुठलं भांडं, किती वेळ. मी मोजत होते. अकरा वाजून दहा मिनिटं. पंधरा. काहीच होत नव्हतं. मला आतून वाटत होतं, होऊ नये, काही होऊ नये, आपण चुकीचे ठरलो तरी चालेल. अण्णांच्या चेहऱ्यावरचा ताण सैल पडायला लागला होता. प्राचार्यांनी घड्याळ बघितलं.

मग बोलता बोलता सर थांबले. जिभेनं ओठ चाचपला.

"लिही. अकरा वीस. ओठाला मुंग्या."

"सर, पुरे झालं," मी म्हटलं. "धुऊन टाकू."

"लिही म्हटलं न्हवं?"

मी लिहिलं. पाच मिनिटांनी बोटांना मुंग्या. मग त्यांच्या कपाळावर घाम आला, एसी चालू असताना. ते अजून बोलत होते, पण शब्द जाड येत होते. आणि माझ्या बोटांखाली नाडी अडखळली. एक ठोका, मग मोकळी जागा, मग दोन ठोके एकदम, पुन्हा जागा. त्या मोकळ्या जागेत मी श्वास धरून थांबायचे. मोजायचं कसं ते मला कळेना. मी पेन टाकलं आणि ओरडले, "गाडी काढा कुणीतरी!"

गाडी अण्णांनी काढली. ते मला मान्य करावंच लागेल. केबिनच्या बेसिनवरचा साबण घेऊन प्राचार्यांनी खाली बसून सरांचे गुडघे धुतले, त्या पाण्यात त्यांचा स्वतःचा कोट भिजला. राजारामपुरीतल्या हॉस्पिटलपर्यंत मी मागच्या सीटवर सरांचं मनगट धरून होते. सिग्नलला गाडी थांबली की अण्णा हॉर्नवरचा हात उचलत नव्हते. सर दोनदा ओकले. मध्येच त्यांनी डोळे उघडून विचारलं, "किती?" मी खोटा आकडा सांगितला. त्यांना तो पटला नाही, असं त्यांच्या भुवईवरून दिसलं.

हॉस्पिटलात त्यांचा शर्ट काढताना नर्सला खिशात घडी घातलेला कागद मिळाला. सरांच्या अक्षरात: 'दोन्ही गुडघ्यांवर व कमरेवर बचनागाचे तेल. वेळ सव्वादहा. कातडी धुवावी. हृदयाचा आलेख लगेच काढावा. कुणालाही दोष देऊ नये.' डॉक्टरांनी तो वाचला आणि माझ्याकडं असं बघितलं की मला जमिनीत जावंसं वाटलं. "तुम्हाला माहीत होतं?" मी नाही म्हटलं. ते खरं होतं, आणि तरी मला ते खरं वाटेना. अर्धा तास शेजारी बसून लिहीत तर मीच होते.

काकूंना फोन मीच केला. त्या काय म्हणाल्या ते मी इथं लिहिणार नाही.

दार बंद झालं आणि आम्ही बाहेर बाकावर बसलो, मी आणि अण्णा. आत यंत्राचा टिक टिक आवाज येत होता, मध्येच वेडावाकडा, मध्येच गप्प. थोड्या वेळानं अण्णा उठून पॅसेजच्या टोकाला गेले. माझ्याकडं पाठ करून त्यांनी घरी फोन लावला. आवाज दबका होता, पण पॅसेज मोकळा होता.

"आईच्या गुडघ्यांना तेल लावलं का आज?... नवीन का जुनं?... नवीन लावू नका. धुऊन टाका लगेच, साबणानं. दोनदा धुवा... का ते इचारू नको. धू म्हटलं न्हवं?"

मी उठून त्यांच्यामागं जाऊन उभी राहिले. ते वळले आणि मला बघून फोन खाली घेतला. माझ्या आयुष्यात मी मोठ्या माणसाशी त्या सुरात कधी बोलले नव्हते.

"तुमच्या आईला लावायचं नाही," मी म्हटलं, "मग रविवारी माझ्या आईला कशाला?"

मी पुढं म्हटलं, "जयसिंगपूरची आहे मी. आमच्या गल्लीतल्या सगळ्या बायकांनी नावं दिलीत. तुमच्यावरच्या विश्वासानं दिलीत."

"शिबिर रद्द करतो," ते म्हणाले.

"आणि वाटलेल्या बाटल्या?"

"तेल संपलं म्हणून सांगतो. हळूहळू परत—"

"हळूहळू नाही. आत्ता. आणि संपलं म्हणू नका. काय झालंय ते लिहा."

अण्णांनी फोन पुन्हा वर घेतला. त्यांच्या विक्रेत्यांचा व्हॉट्सॲप ग्रुप होता, गावोगावची माणसं त्यात. ते टाइप करायला लागले. मी बाजूला झाले नाही. 'नवीन तेल वापरू नये. सर्व बाटल्या परत आणाव्यात.' तिथं ते थांबले. त्यांचा अंगठा पडद्यावर नुसता टेकलेला होता. आतला आवाज पुन्हा अडखळला, आम्ही दोघांनीही दाराकडं बघितलं. मग त्यांनी पुढचे शब्द लिहिले, 'तपासणीत दोष आढळला आहे,' आणि पाठवून दिलं. पाठवल्यावर ते तिथंच भिंतीला टेकून खाली बसले, वडिलांच्या नावाचा कारखाना असलेला एवढा मोठा माणूस.

सरांचं हृदय ताळ्यावर यायला दुसरा दिवस उजाडला. वाचले. पण ठेक्यात काहीतरी कायमचं बिघडलं, रोजची गोळी मागं लागली.

पुढं जे झालं ते कुणाला आवडणार नाही. कॉलेजनं चौकशी समिती नेमली. परवानगीशिवाय माणसावर प्रयोग, तोही विद्यार्थिनीला साक्षीला बसवून. सरांचं मार्गदर्शकपद काढून घेतलं. मी समितीपुढं त्यांच्या बाजूनं बोलायला तयारी करून गेले होते, पण सरांनी आधीच लिहून दिलं होतं, समितीचं बरोबर आहे. सरकारी तपासणीचा निकाल नंतर आला, आणि तो आमच्या सुळक्यांशी जुळणारा होता. अण्णांनी नवं तेल बंद केलं. आता ते जुन्या पद्धतीनं थोडंसंच करतात आणि बचनाग भिजत असताना स्वतः तिथं खुर्ची टाकून बसतात, असं आई सांगते.

आईच्या लेखी सर म्हणजे देव झाले. मी मात्र त्यांच्याशी बोलणं टाकलं. माझं काम दुसऱ्या मॅडमकडं गेलं. पॅसेजमध्ये सर समोरून आले की मी जिना उतरायचे. लोकांना वाटायचं, बदनामीच्या भीतीनं टाळते. तसं नव्हतं. त्यांनी मला घड्याळ घालायला सांगितलं होतं आणि कशासाठी ते सांगितलं नव्हतं, एवढंच माझ्या डोक्यातून जात नव्हतं. ते वारले असते तर त्या वहीतला शेवटचा आकडा माझ्या अक्षरातला असता. आणि मी त्यांच्याशी बोलले असते तर त्यांच्या धाडसाचं कौतुक करावं लागलं असतं. ते मला करायचं नव्हतं.

सर निवृत्त होऊन आजऱ्याला गावी गेले. माझी पदवी झाल्यावर आईनं धोशा लावला, जाऊन पाया पडून ये म्हणून. शेवटी मी गेले. सर अंगणात खाटेवर बसले होते, बारीक झाले होते. मला बघून उठायला लागले, मी नको म्हटलं. प्रबंध त्यांच्या हातात दिला. त्यांनी तो उघडला नाही. बाजूला ठेवला.

"त्या दिवशी तुला इचारायला पायजे हुतं," ते म्हणाले.

मी इतके महिने घोकलेली सगळी वाक्यं विसरले. "विचारलं असतं तर मी नाही म्हटलं असतं."

"म्हणूनच इचारलं न्हाय." त्यांनी शेजारचा प्रबंध सरळ करून ठेवला. "आन् म्हणूनच इचारायला पायजे हुतं. माझ्या कातडीचं काय करायचं ते मी ठरवलं. ठीक हाय, ती माझी हुती. पर तुला शेजारी बसवलं, ते मी कुणाच्या हक्कानं? समितीच्या कागदात एवढं एकच वाक्य खरं हुतं बघ. बाकीचं समदं मला पाठ हुतं, हे एक मला वाचून कळलं."

काकू दारात चहा घेऊन उभ्या होत्या. त्यांनी बाहेर यायची घाई केली नाही.

"माझी नाडी मोजत हुतीस," सर म्हणाले. "मला आकडा पायजे हुता, दुसरं कायबी दिसत नव्हतं. आता सांग. तुला काय हुत हुतं त्या येळंला?"

मला हे आजवर कुणीच विचारलं नव्हतं. डॉक्टरांनी विचारलं होतं, माहीत होतं का. समितीनं विचारलं होतं, सक्ती होती का. आईनं तर नुसताच अभिमान मिरवला होता.

काकूंनी कप ठेवले आणि पदर सावरून त्याही खाटेच्या कडेला बसल्या. मी सांगायला लागले. ठोक्यांमधल्या त्या मोकळ्या जागा, गाडीत सांगितलेला खोटा आकडा, नंतर कित्येक आठवडे पुस्तक वाचताना, जेवताना आपोआप स्वतःच्या मनगटाकडं जाणारी बोटं. सांगताना आवाज चढला, मी त्यांना दोन शब्द नको तेही बोलले. सरांनी मान खाली घातली नाही. चहा गार झाला. काकूंनी तो उचलून नेला, दुसरा करून आणला, आणि तेव्हाही मी सांगतच होते.